तांब्यावरचं "क. थ. ना." म्हणजे काय? (तिवंध्याचं आजोळ पुन्हा बघायचंय)

तिवंध्याची_भाची

नमस्कार. प्रश्न जुन्या नाशिककरांसाठी आहे. थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

माझं आजोळ तिवंधा चौकाजवळ. आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, भांडीबाजारात एका दुकानात दिवाणजी होते. ते १९८७ साली गेले आणि आजी, माई, १९९६ साली. माईच्या अस्थी रामकुंडात सोडून त्याच संध्याकाळच्या गाडीने आम्ही डोंबिवलीला परत आलो. मामाने पुढच्या वर्षी खोल्या सोडल्या आणि तो पुण्याला गेला. त्यानंतर वणीला जाताना उड्डाणपुलावरून दोनदा नाशिक ओलांडलं असेल, पण त्याला काही नाशकात जाणं म्हणत नाहीत.

लहानपणी परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत. कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिनं लागायची, तेवढ्यात आई पोळीभाजीचा डबा काढायची. नाशिकरोडला उतरून शालिमारची बस, पुढे ट्रंक घेऊन चालत. वाडा दोन मजली होता. मालक पुढच्या चौकात राहायचे, आम्ही मागे माडीवर दोन खणांत. जिन्याला कठडा नव्हता, हाताला धरायला जाड दोर बांधलेला. तळमजल्यावर एक नळ, सगळ्या बिऱ्हाडांचा, आणि त्यावरून रोज सकाळी होणारी भांडणं. तांबट आळीतली ठोकठोक सुरू झाली की झोप संपली म्हणायची. पहिले दोन दिवस डोकं उठायचं. नंतर ज्या दिवशी ठोकठोक बंद असेल त्या दिवशी चुकल्यासारखं वाटायचं.

माडीच्या तुळईला एक लोखंडी कडी होती. माझा पाळणा तिथे बांधला होता, बारसं त्याच खोलीत झालं, असं मी माझ्या मुलांना सांगत आले आहे. आईचं पहिलं बाळंतपण, अर्थातच माहेरी. शाळेच्या दाखल्यावरही जन्मस्थळ नाशिक आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिचं कपाट आवरताना मागच्या फळीवर एक पितळी तांब्या सापडला. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय, हातानं ठोकून घालायचे तसं: "चि. (मामाचं नाव) चे मुंजीप्रीत्यर्थ, वै. शु. ३ शके १८७६, क. थ. ना." मामाच्या मुंजीत पाहुण्यांना वाटायला आणलेल्या तांब्यांपैकी उरलेला असणार. बाकी सगळं कळलं. शेवटची तीन अक्षरं काही लागत नाहीत. "ना." नाशिक असावं. "क. थ." काय? माणसाचं नाव म्हणावं तर आमच्यात या अक्षरांचं कुणीच नाही.

मामा एकोणऐंशी वर्षांचा आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "काही राहिलं नाही तिथे. कशाला जातेस?" तांब्याचं विचारलं तर, "असेल काहीतरी." खोल्या सोडताना मालकांशी बरंच वाजलं होतं. त्यामुळे नाशिक हा विषय त्याच्यापुरता संपलेला आहे.

मला एकदा जाऊन यायचंय. वाडा उभा आहे का, कुणाला माहीत आहे? नसला तर तो कुठे होता हे कसं शोधायचं? माई येता-जाता "खालच्या घरी असताना" असं म्हणायची. बहुतेक आधी ते तळमजल्यावर राहत असावेत. निदान तो तळमजला तरी बघायला मिळावा. आणि हो, वय एकोणसाठ, गुडघे बरे आहेत, एकटीच येणार आहे.

आडगावनाका

ताई, तिवंधा चौक आहे तिथेच आहे. वाड्यांचं मात्र विचारू नका. बरेच पाडून इमारती झाल्या. काही पावसाळ्यात आपापले पडले. दरवर्षी जूनच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्यातला एखादा तुमचा असला तर लगेच या, पुढच्या पावसाची खात्री नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं चालली आहेत, रस्ते कुठे खणलेले सापडतील सांगता येत नाही. स्वतःची गाडी आणू नका. जुन्या नाशकात चालणाऱ्यालाच मान आहे.

क. थ. ना. म्हणजे कल्याण, ठाणे, नाशिक असेल. तुमची रेल्वेच. (रागावू नका.)

परतीचा_पाऊस

जाऊ नका असं सांगायला लिहितोय.

माझं आजोळ येवल्याचं. आजोबांचा माग होता, ओसरीवर पैठणीचं सूत पसरलेलं असायचं आणि त्यावरून उडी मारली म्हणून मी मार खाल्लाय. चाळीस वर्षांनी हौसेनं गेलो. तिथे लोखंडी शटर होतं. शटरसमोर उभं राहून फोटो काढला, चहा प्यायलो, परत आलो. त्याआधी डोळे मिटले की ओसरी दिसायची. आता शटर दिसतं. त्या फोटोपायी ओसरी गेली. तो डिलीट केलाय, पण उपयोग नाही.

तुमच्याकडे तांब्या आहे ना? पुरे आहे.

तिवंध्याची_भाची

@आडगावनाका, रागावले नाही, हसले. मुलगाही हेच म्हणाला होता.

@परतीचा_पाऊस, तुमचं वाचून दोन दिवस तिकीट काढलं नाही, हे खरं सांगते. पण मला ओसरी आठवते म्हणून जायचं नाहीये. खूप काही आठवतच नाही म्हणून जायचंय. आईला विचारायचं राहून गेलं ते आता विचारायला कुणी नाही. तिथल्या भिंतींनाच विचारावं म्हणते.

गंगाघाटकर

ताई, मी शहात्तर वर्षांचा आहे, टायपिंग हळू आहे, म्हणून उशीर.

तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच "क. थ." कळलं होतं. पण "खालच्या घरी" वाचून थांबलो, परत वाचलं, आणि मग लिहायला घेतलं. दोन्ही एकच आहे.

क. थ. म्हणजे कपूरथळा. गंगेकाठी सराफबाजारातून खाली उतरलं की जे मैदान लागतं ते. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन आलो" म्हणजे काशीला नव्हे.) नावाची गोष्ट मजेशीर आहे. पंजाबातल्या कपूरथळा संस्थानचे राजे १८७० साली विलायतेला निघाले होते, वाटेत एडनला वारले. त्यांचे अवशेष नाशकात आणले आणि गंगेकाठी समाधी बांधली. राजाला नाशिकशी काही देणंघेणं नव्हतं, पण जागेला नाव कायमचं चिकटलं. आमच्या लहानपणी त्या भागात घरं होती, बिऱ्हाडं होती. पत्ता सांगताना लोक "कपूरथळ्यावर" असं म्हणायचे.

आता "खालचं घर". जुनं नाशिक टेकड्यांवर आहे. "नाशिक नव टेकांवर वसविले" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. तिवंधा वरच्या अंगाला, गंगा खाली. वरचा माणूस आजही "खाली जाऊन येतो" म्हणाला की गंगेकडे निघाला हे आम्हाला विचारावं लागत नाही. तुमच्या माई तळमजल्याबद्दल बोलत नव्हत्या. त्या गंगेजवळच्या घराबद्दल बोलत होत्या.

ते घर का सोडलं असेल याचा माझा अंदाज सांगतो. १९६९ चा पूर. मी तेव्हा वीस वर्षांचा. नाशिककर पूर मोजतो तो गंगेवरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, असं घराघरात बोललं जातं. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आहे, वसईच्या विजयाची. तिला पाणी लागलं तर ती वाजते, असं म्हातारे सांगायचे. त्या साली मारुती दिसत नव्हता, आणि घंटा वाजली का हे ऐकायला काठावर कुणी थांबलं नव्हतं. सराफबाजार, भांडीबाजार पाण्यात. भांडीबाजाराचं पाणी ओसरल्यावर आम्ही पोरं चिखलातून हंडे-कळश्या काढायला गेलो होतो. दुकानदार प्रत्येकी आठ आणे देत होते. न जाणो, तुमच्या अण्णांनीच माझ्या हातावर आठ आणे ठेवले असतील.

काठावरची मातीची घरं त्या पाण्यात बसली. बरीच बिऱ्हाडं वर सरकली. सत्तरच्या आसपास वरच्या वाड्यांत खोल्यांचं भाडं एकदम चढलं, ते का, हे आता लक्षात येईल.

मोडीप्रेमी

गंगाघाटकर काका, सलाम.

ताई, तारखेचं बघितलं. शके १८७६ म्हणजे १९५४. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, मुंजीला वेगळा मुहूर्त काढायचीही गरज नाही. मामा आता एकोणऐंशीचे म्हणजे तेव्हा आठ वर्षांचे. सगळं जुळतं.

कागद शोधायचा विचार असेल तर आधीच सांगते म्हणजे हेलपाटे वाचतील. सिटी सर्व्हेला जाऊन मालमत्ता पत्रक काढता येतं, पण त्यावर मालकाचं नाव येतं. भाडेकरू तिथे नसतात. घरपट्टीच्या पावत्यांचंही तेच. भाडेकरू माणूस सापडतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांचा पालक म्हणून, जुन्या मतदार यादीत, रेशनकार्डावर, क्वचित वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत. जुने अंक चाळायचे असतील तर सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४० सालचं आहे, "सावाना" म्हटलं की रिक्षावाला आणून सोडेल. मोडीतले कागद मिळाले तर फोटो पाठवा, मी वाचून देईन. माझी हौस आहे.

रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्यांबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच: त्या वह्या बाहेरून येणाऱ्या यजमानांच्या असतात, मूळ गाव आणि आडनाव यावरून लावलेल्या. तुमच्या अण्णांचं नाशकातलं घर त्यात मिळणार नाही. पण अण्णांचे वडील नाहीतर आजोबा मूळ गावाहून कधी सिंहस्थाला आले असतील, तर त्यांच्या हातची सही मिळू शकेल. मूळ गाव माहीत असेल तर तासभर काढा.

आणि एक, विचारू की नको असं वाटत होतं. तुमचा जन्म १९६६ चा धरला आणि घर १९६९ साली गेलं असेल, तर ती पाळण्याची कडी...

तिवंध्याची_भाची

हो. तुमचं वाचल्या-वाचल्या मीही बोटांवर मोजलं.

म्हणजे तिवंध्याच्या माडीवर माझं बारसं झालंच नाही. ती कडी दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाची. लहानपणी आम्ही भावंडं त्या कडीला ओढणी अडकवून झोके घ्यायचो. मीच कधीतरी ठरवून टाकलं असणार की हा माझा पाळणा. मोठ्यांपैकी कुणीही मला दुरुस्त केलं नाही. का केलं नसेल?

आता एकेक गोष्ट दुसरीकडून दिसायला लागली आहे. आई आम्हाला रामकुंडात दुसऱ्या पायरीच्या खाली उतरू द्यायची नाही. पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. आम्ही तिला भित्री म्हणायचो. माई रोज पहाटे गंगेवर जायची आणि एक तांब्या भरून आणायची. पण पाऊस मोठा लागला की दोन-दोन दिवस बोलायची नाही. "खालच्या घरी माझी तुळस होती," हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. वाड्याच्या चौकात तुळस होतीच की, मग हिला दुसरी कशाला आठवते, असं वाटायचं.

मामाला पुन्हा फोन केला. फक्त "कपूरथळा" एवढंच म्हटलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "होतं एक. गेलं." आणि ठेवला.

तिकीट काढलंय.

तिवंध्याची_भाची

जाऊन आले. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून सविस्तर सांगते.

ठरवलेल्या गाडीचं आरक्षण मिळालं नाही. दुसऱ्या गाडीने गेले. नाशिकरोडला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. शालिमारला बसने गेले, रिक्षाने नाही, कारण बसनेच जायचं होतं. तिथून चालत. तिवंध्यापर्यंत कुणालाही विचारावं लागलं नाही याचा मलाच अचंबा. डोकं विसरलं होतं, पाय विसरले नव्हते. एका वळणावर मात्र पाय डावीकडे वळले आणि समोर भिंत. बोळच बुजलेला.

वाडा नाही. चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान. परतीचा_पाऊस, शटर होतं, पण ते उघडं होतं आणि आत एक मुलगा वडापाव खात होता. त्याने मला बसायला स्टूल दिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण त्याने समोरच्या घरातल्या आजींना हाक मारली. त्या सत्तरीच्या पुढच्या. त्यांना वाडा आठवत होता, मालक आठवत होते, मालकांच्या घोड्याची गोष्ट आठवत होती (घोडा मी कधी पाहिला नाही). मागच्या माडीवरचं बिऱ्हाड? "बाई, तिथे किती आले नि किती गेले." माई सव्वीस-सत्तावीस वर्षं त्या माडीवर राहिली. मोडीप्रेमी, तुम्ही सिटी सर्व्हेबद्दल म्हणालात तेच माणसांच्या आठवणीलाही लागू आहे. मालक राहतात.

पण त्याच आजी एक गोष्ट बोलल्या. रंगपंचमीला या म्हणाल्या, तेव्हा रहाड उघडतात. रहाडी मी विसरूनच गेले होते! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशकात भर चौकात, रस्त्याखाली, दगडी बांधणीचे पेशवेकालीन हौद आहेत. वर्षभर बुजवलेले असतात, त्यांच्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी उकरून साफ करतात, पूजा करतात, रंग भरतात, आणि मग लोक त्यात उड्या मारतात. त्याला धप्पा म्हणतात. आम्ही मे महिन्यातच जायचो म्हणून मी कधी पाहिलं नाही. मामा मारायचा. माई सांगायची, पोराच्या कानामागचा रंग आठ-आठ दिवस निघायचा नाही. ज्या चौकात मी उभी होते, तिथेच माझ्या पायाखाली तो हौद होता. वाडा वर होता तो गेला, आणि हौद खाली पुरलेला म्हणून राहिला.

मग भांडीबाजार. अण्णांचं दुकान कुठलं हे मला कधीच नक्की माहीत नव्हतं. एका दुकानात तांब्या काढून दाखवला. मालक तरुण, पण त्याने आतून वडिलांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तांब्या डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, नाव हातानं घातलंय, ठिपका न ठिपका सारखा आहे, आता मशीननं घालतात त्यात ही मजा नाही. मी आशेनं विचारलं, तुमच्याकडचाच असेल का? त्यांनी फटकन तांब्या परत दिला. "नाही. आमच्याकडे नाव घालणारा 'श' असा काढत नसे." सत्तर वर्षांपूर्वीचा "श" त्यांना नापसंत होता. मला फार बरं वाटलं. त्या बाजारात अजून कुणाला तरी "श" चं पडलंय.

ठोकठोक ऐकू आली का? आली. एकाच ठिकाणाहून, तीही थांबून थांबून. उभी राहून ऐकली. नंतर जवळून गेले तर ती तांब्याची नव्हती. कुणीतरी फरशी फोडत होतं.

तिथून खाली. गंगाघाटकर काका, सराफबाजारातून उतरताना तुम्ही सांगितलेलं पावलांना कळलं. गुडघे पुढे झुकतात, पिशवी हलकी होते. माई रोज पहाटे हा उतार उतरायची आणि भरलेला तांब्या घेऊन हा चढ चढायची. लहानपणी मला वाटायचं तिला देवाची ओढ आहे. असेलही. पण रामकुंडाकडे जायच्या वाटेवर ती रोज आपल्या घराच्या जागेवरून जात होती, हे मला या उतारावर सुचलं.

आणि कपूरथळा. बुधवार होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो. मैदान, पटांगणं, सगळीकडे ताडपत्र्या, मेथीचे ढीग, कांदे, सुकी मासळी, प्लास्टिकचे डबे, पिसारा हरवलेला एक कोंबडा. घराचा चौथरा दिसेल, एखादा दगड तरी, असं मनात होतं. पाय ठेवायला जागा नव्हती. नदीकडे बघितलं तर काठ सिमेंटचा. कुंभाच्या वेळी तळाला काँक्रीट ओतलं, त्याखाली जुनी कुंडंही गेली. आई ज्या दुसऱ्या पायरीवर आम्हाला थांबवायची ती कुठली, हे काही मला ठरवता आलं नाही. दुतोंड्या मारुतीला मात्र बघितलं. एवढा उंच मारुती बुडाला होता हे त्याच्या पायाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दमले होते. गवार विकणाऱ्या एका बाईंच्या ताडपत्रीच्या कडेला बसले. पाण्याची बाटली संपली होती. त्यांनी त्यांच्या कळशीतलं पाणी देऊ केलं, भांडं नव्हतं, म्हणून मी पिशवीतून तांब्या काढला. प्यायले. मग त्याही त्याच तांब्यातून वरून प्यायल्या. कुठल्या गावच्या, वगैरे बोलणं झालं. त्या मखमलाबादकडून येतात, बरीच वर्षं याच जागेवर बसतात. मी म्हटलं, इथे माझ्या आजीचं घर होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग ताडपत्री थोडी आवरून घेतली, जागा करून देतात तशी. नंतर विचारलं, "तांब्या विकायचाय का हो?"

पाव किलो गवार घेतली. अर्धा किलो दिली.

नामावळ्यांकडे गेलेच नाही. वेळ होता, पण मूळ गावापर्यंत मागे जायची त्या दिवशी ताकद नव्हती. एका वेळी एक घर.

परतीचा_पाऊस

कोंबडा, स्टूल, गवार. माझ्या शटरपेक्षा बरं मिळालं तुम्हाला. मी बहुतेक शटर बंद असतानाच्या वेळी गेलो होतो.

गंगाघाटकर

ताई, बुधवारी गेलात हे वाचून कपाळावर हात मारला. मीच सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेस आधी कळवा. रहाडीच्या वेळी आलात तर आमच्याकडे उतरा, सूनबाईंनी निरोप द्यायला सांगितलंय.

तिवंध्याची_भाची

काका, कळवायलाच आले आहे.

मैदानाचे चार फोटो मामाला पाठवले होते. तीन दिवस निळ्या खुणा नुसत्याच. काल रात्री त्याचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "तू उलटीकडून फोटो काढलास. आमचं दार गंगेकडे नव्हतं, बाजाराकडे होतं. मागची खिडकी गंगेकडे." मग अर्धा तास बोलला. मुंजीत मांडव मैदानातच घातला होता. दीडशे तांबे आणले होते, अण्णांना दुकानातून उसने मिळाले, ते फेडायला तीन वर्षं लागली. पुराच्या रात्री अण्णांनी आधी दुकानाच्या वह्या वर नेल्या. मग घराकडे वळले तेव्हा घराकडे जायला वाट नव्हती. हे माईने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. पण तुळस-तुळस म्हणायची, ते त्यांना ऐकू जाईल असंच म्हणायची, असं मामा म्हणाला.

माझा पाळणा त्या मागच्या खिडकीशी होता. वारा यायचा म्हणून.

शेवटी त्याने विचारलं, रिक्षा किती जवळ जाते? त्याला काठी लागते, उतार जमणार नाही. काका, तुम्हीच सांगा.

गंगाघाटकर

थेट मैदानापर्यंत आणता येईल, उतरायला नको. मी रिक्षावाला सांगून ठेवतो, ओळखीचा आहे. बुधवार सोडून कधीही. आणि मामांना म्हणावं, मीही त्याच वयाचा. पुराच्या वेळी चिखलातून भांडी काढणाऱ्या पोरांमध्ये ते होते का, तेवढं विचारून ठेवा.